तापत्या जगात हिमनदीजवळ गारवा का वाढला?

मार्च महिन्यात रत्नागिरी-अलिबागकडे एखाद्या दिवशी पारा एकदम चाळिशीकडे सरकतो आणि दोन दिवसांत मुकाट्यानं तेहेतिसावर येऊन बसतो. ऊन तेच, आभाळही तेवढंच निरभ्र. फरक पडतो तो वाऱ्यामुळे. घाटावरून येणारा पूर्वेचा कोरडा वारा दुपारपर्यंत हटला नाही की समुद्रावरचे खारे वारे उशिरा सुरू होतात, आणि तेवढ्या दोन-तीन तासांत सगळा भाजून निघतो. खारे वारे अकराच्या सुमारास आले तर तोच दिवस सुसह्य. म्हणजे किनाऱ्यावरच्या कमाल तापमानात उन्हाइतकाच वाऱ्याचाही हात असतो. वारा वेळेवर आला म्हणून वरची हवा तापलेली नाही, असं मात्र म्हणता येत नाही.

एवढी गोष्ट ज्याच्या अंगवळणी पडली आहे त्याला हिमालयातलं एक कोडं समजायला फार कष्ट पडणार नाहीत.

नेपाळच्या खुंबू खोऱ्यात, एव्हरेस्टच्या वाटेवर, ५,०५० मीटर उंचीवर काच आणि ॲल्युमिनियमची एक प्रयोगशाळा आहे. आकार पिरॅमिडचा, म्हणून नावही पिरॅमिडच. इटालियन शास्त्रज्ञांनी ती १९९० साली उभी केली आणि १९९४ पासून तिथे हवामानाच्या नोंदी होत आल्या आहेत. एवढ्या उंचीवर इतकी वर्षं सलग मोजमाप झालेल्या जागा जगात बोटावर मोजण्याइतक्या. त्यामुळे तिथले आकडे काही वेगळं सांगू लागले की दुर्लक्ष करून चालत नाही.

आणि आकडे वेगळंच सांगत होते. जग तापतंय, हिमालय तापतोय, पिरॅमिडच्या आसपासच्या हिमनद्या डोळ्यांदेखत पातळ होताहेत, पण इथलं वर्षाचं सरासरी तापमान जवळजवळ आहे तिथेच. सरासरी फोडून पाहिली तेव्हा खरी गंमत कळली. किमान तापमान वाढत होतं, पण उन्हाळ्यातलं, म्हणजे तिकडच्या पावसाळी महिन्यांतलं, कमाल तापमान उतरत होतं. एक वर, एक खाली, आणि बेरीज शून्य. शिवाय पाऊस आणि बर्फवृष्टीही कमी झाली होती. फ्रँको सालेर्नो, फ्रान्चेस्का पेलिचियोत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा उलगडा २०२३च्या डिसेंबरात ‘नेचर जिओसायन्स’ या शोधपत्रिकेत मांडला. थोडक्यात उत्तर असं: जग तापतंय म्हणूनच त्या जागी दुपारी जास्त गार होतंय.

वाक्य उफराटं वाटतं. पण त्यामागचं भौतिकशास्त्र रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या मासळी-जेटीवर पाहता येतं.

मासळीसाठी आलेली बर्फाची लादी क्रशरमध्ये जाण्याआधी सावलीत पडलेली असते. तिच्याजवळ अनवाणी उभं राहिलं तर गारठा आधी घोट्यांना लागतो, चेहऱ्याला नाही. गार हवा जड, ती लादीवरून घरंगळून जमिनीलगत पसरते. दुसरी गोष्ट, बाहेर ३० अंश असोत वा ३६, वितळणाऱ्या लादीचा पृष्ठभाग शून्य अंशाच्या वर जात नाही. हवेतून आलेली उष्णता बर्फाला तापवण्यात नव्हे, वितळवण्यात खर्ची पडते. आणि हा खर्च दांडगा असतो. शून्य अंशाचा एक किलो बर्फ वितळवून शून्य अंशाचं पाणी करायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेत ते एक किलो पाणी शून्यावरून जवळपास ८० अंशांपर्यंत तापलं असतं.

आता लादीच्या जागी काही किलोमीटर लांबीची, उतारावर पसरलेली हिमनदी घ्या. उन्हाळ्याच्या दुपारी तिचा पृष्ठभाग शून्यावर अडकलेला. तिच्यावरची मोकळी हवा पूर्वी समजा ३ अंशांची होती, ती आता ५ अंशांची झाली. बर्फ तिथेच, हवा मात्र पुढे गेली, म्हणजे दोघांमधला फरक वाढला. फरक वाढला की हवेतून बर्फाकडे जाणारी उष्णता वाढते, बर्फालगतचा थर अधिक जोमानं थंड होतो, जड होतो आणि उतारावरून खाली धावतो. या वाऱ्यांना शास्त्रज्ञ कॅटाबॅटिक वारे म्हणतात. हिमनदी जितकी मोठी आणि भोवतालची हवा जितकी गरम, तितके हे वारे जोरकस. पिरॅमिड नेमकी अशा वाऱ्यांच्या वाटेवर आहे, म्हणून तिथल्या दुपारा गारावल्या. किमान तापमानाची गोष्ट वेगळी. थंडीच्या दिवसांत बर्फ शून्याच्या बराच खाली असतो, त्याला शून्याची आडकाठी नसते, तेव्हा भोवतालच्या हवेबरोबर सगळंच निमूटपणे वर सरकतं.

खारे वारे आणि हे वारे भाऊबंदच. दोन्हीकडे शेजारच्या दोन जागांच्या तापमानात फरक पडतो आणि गार, जड हवा गरम हवेच्या दिशेनं सरकते. शाळेच्या भूगोलात दरीय वारे आणि पर्वतीय वारे शिकवतात, तेही याच कुळातले. फक्त एक फरक. साधारण डोंगरात दिवसा वारा दरीतून वर चढतो आणि रात्री खाली उतरतो, हिमनदीवरून मात्र भर दुपारीही तो खालीच येत राहतो.

इथे कुणी म्हणेल, मग चांगलंच की, हिमनदी स्वतःचा पंखा स्वतः लावून बसली आहे. तेवढा आनंद करण्यासारखं त्यात काही नाही. हवा गार होते ती तिच्यातली उष्णता बर्फानं शोषली म्हणून, आणि शोषलेल्या उष्णतेनं बर्फच वितळतो. या वाऱ्यामुळे वितळण्याचा वेग काहीसा आटोक्यात राहतो हे खरं, कारण वारा नसता तर बर्फालगतची हवा आणखी गरम असती. पण गारवा फुकटचा नाही, त्याची किंमत हिमनदी स्वतःच्या अंगातून देते.

पिरॅमिडच्या कोड्याचा दुसरा अर्धा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि बातम्यांमध्ये तोच गळाला. हिमवृष्टी कमी का झाली?

आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस का पडतो ते आपल्याला माहीत आहे. समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीच्या भिंतीला थडकते, नाइलाजानं वर चढते, थंडावते आणि ओझं टाकून मोकळी होते. पाऊस कुठे पडायचा हे हवा कुठे वर उचलली जाते त्यावर ठरतं. खुंबूमध्ये मोसमी वाऱ्यांची ओली हवा दुपारी दरीतून वर चढत येते आणि वरून उतरणाऱ्या गार वाऱ्याशी तिची गाठ पडते. जिथे गाठ पडते तिथे हवा वर उचलली जाते, ढग होतात, पाऊस पडतो. आता वरचा वारा जोरकस झाल्यावर ही गाठ पडण्याची जागा खाली दरीकडे सरकली. आंबोलीचा घाट चार कोस पश्चिमेला सरकावा तसंच झालं म्हणायचं. ओझं खालीच उतरतं, आणि वर हिमनदीच्या अंगणात पोचते ती बरीचशी रिती हवा. म्हणजे ज्या वाऱ्यानं वितळणं थोडं रोखलं त्यानंच नव्या बर्फाचा पुरवठाही तोडला.

पंखा कुठवर चालेल

हे फक्त खुंबूपुरतं आहे का? तर नाही. टॉमस शॉ, पेलिचियोत्ती आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या ६२ हिमनद्यांवरच्या साडेतीनशे हवामान केंद्रांच्या उन्हाळी नोंदी एकत्र केल्या आणि २०२५ साली निष्कर्ष मांडला. भोवतालची हवा एक अंशानं गरम होते तेव्हा हिमनदीच्या पृष्ठभागालगतची हवा सरासरी ०.८३ अंशच गरम होते. उरलेली तफावत हा त्या वाऱ्यांचा प्रताप. मोठ्या हिमनद्यांवर तफावत जास्त, छोट्यांवर कमी.

पण वाऱ्याला वेग घ्यायला लांबी लागते. हिमनदी आखडली, तिचे तुकडे झाले, खालचं टोक दगडधोंड्यांखाली गेलं की थंड हवेला धावायला पट्टाच उरत नाही. मग दरीतला गरम वारा थेट बर्फावर चढून येतो. याच अभ्यासानुसार हिमनद्यांची ही स्वतःला गार ठेवण्याची ताकद २०३०च्या दशकाच्या आसपास शिगेला पोचेल आणि तिथून उतरणीला लागेल. त्यानंतर बर्फालगतचं तापमान पुन्हा भोवतालच्या हवेच्या चालीनं, किंबहुना मागचं राहिलेलं भरून काढत, वाढू लागेल.

खारे वारे एक दिवस रुसले तरी समुद्र जागेवर असतो, दुसऱ्या दिवशी ते येतात. हिमनदीच्या वाऱ्यांची गोष्ट तशी नाही.

म्हणून ‘हिमालयात अमुक ठिकाणी तापमान वाढलेलंच नाही’ असा आलेख समाजमाध्यमांवर फिरताना दिसला तर आधी विचारायचं ते हे, की केंद्र नेमकं कुठे आहे आणि जवळपास हिमनदी आहे का? आलेख खोटा असेलच असं नाही. खरा आलेख दाखवूनही माणसाला चकवता येतं, आणि पिरॅमिडच्या नोंदी त्यासाठी फारच सोयीच्या आहेत.

जमा आणि खर्च

हिमनदी जगते की मरते हे शेवटी वरच्या अंगाला साचणारं बर्फ आणि खालच्या अंगाला वितळणारं बर्फ यांच्या ताळमेळावर ठरतं. दोघांच्या मध्ये एक रेषा असते. तिच्या वर वर्षाअखेर बर्फ शिल्लक उरतं, खाली उरत नाही. हिमाचलातल्या लाहौल-स्पितीमधल्या छोटा शिग्री हिमनदीचं असं मोजमाप २००२ पासून चालू आहे, आणि जमा-खर्च जुळतो अशा वर्षी तिथे ही रेषा साधारण ४,९०० ते ५,००० मीटरच्या दरम्यान पडते. डोंगरात दर हजार मीटरला हवा ढोबळमानानं साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे हवा एक अंशानं तापली तर गोठणबिंदू सुमारे १५० मीटर वर चढतो आणि ही रेषाही त्याच्या मागोमाग निघते. वरचा जमेचा भाग आकसतो, खालचा खर्चाचा भाग पसरतो.

इथे हिमालयाची एक खोड आहे, जी आल्प्सला नाही. आल्प्समध्ये बर्फ हिवाळ्यात पडतं आणि उन्हाळ्यात वितळतं, दोन्ही कामं वेगवेगळ्या ऋतूंत. मध्य आणि पूर्व हिमालयात बरंचसं बर्फ पडतं ते जून ते सप्टेंबरमध्ये, आपल्याकडे भातलावणी चालू असते त्याच मोसमात, आणि वितळतंही तेव्हाच. जमा आणि खर्च एकाच चार महिन्यांत. तेव्हा हवा जेमतेम गोठणबिंदूच्या काठावर असते, म्हणून एखाद्या अंशानंही मोठा घोटाळा होतो. जे बर्फ म्हणून पडायचं ते पाऊस म्हणून पडतं. जमेतून तेवढं गेलंच, वर ताज्या बर्फाचं पांढरं पांघरूणही गेलं. ताजं बर्फ उन्हाचा ८० ते ९० टक्के भाग परत फेकतं, उघडा पडलेला जुना बर्फ जेमतेम ३० ते ४० टक्के. भर मोसमात आठ दिवस हे पांघरूण नसलं तरी हिमनदीला ते चांगलंच महागात पडतं. तिबेटच्या आग्नेय कोपऱ्यातल्या पार्लुंग क्रमांक ४ या हिमनदीवर, मोसमात बर्फाऐवजी पाऊस पडू लागल्यामुळे झीज कशी वाढली, हे संशोधकांनी वर्षानुवर्षांचा हिशेब मांडून दाखवलं आहे.

काराकोरमकडे बर्फ मुख्यतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांबरोबर पडतं. तिथल्या हिमनद्यांनी बरीच वर्षं तग धरला त्यामागे हे एक मोठं कारण. अलीकडे त्यांचंही पारडं घटीकडे झुकू लागलं आहे.

दगडांच्या आवरणाबद्दलही थोडं सांगितलं पाहिजे. लादी भुश्यात ठेवली की जास्त टिकते. हिमनदीवर कडे कोसळून दगडमाती साचते, आणि थर काही सेंटिमीटरच्या वर गेला की तो असंच झाकण घालतो. पातळ थर मात्र उलटं काम करतो. काळी धूळ ऊन शोषते आणि खालचा बर्फ आणखी लवकर वितळतो. खुंबू हिमनदीचा खालचा भाग इतका दगडांनी भरलेला आहे की नवख्याला पायाखाली बर्फ आहे हे सांगूनही पटत नाही. अशा हिमनद्या मागे सरकण्याऐवजी जागच्या जागी खंगतात. त्यामुळे ‘गोमुख इतके मीटर मागे सरकलं’ एवढ्यावर हिमनदीची तब्येत ठरवू नये. जाडी किती घटली ते पाहावं.

हिमनदीच्या खंगलेल्या जिभेवर, म्हणजे खालच्या लांबट टोकावर, आणि पुढ्यात तळी साठतात. एव्हरेस्टजवळचं इम्जा तळं साठ-सत्तर वर्षांपूर्वी जवळजवळ नव्हतंच, ते इतकं वाढलं की २०१६ साली नेपाळी लष्करानं कालवा काढून त्याची पातळी तीन मीटरांहून अधिक खाली आणली. त्याच टापूत १९८५ साली दिग त्शो हे तळं फुटून बांधून होत आलेला जलविद्युत प्रकल्प वाहून गेला, आणि १६ ऑगस्ट २०२४ला थामे या शेर्पांच्या गावावर वरच्या तळ्यांचं पाणी आलं. सिक्कीममध्ये ऑक्टोबर २०२३ला दक्षिण ल्होनाक हे तळं फुटलं तेव्हा तीस्तेवरचं चुंगथांगचं धरण गेलं.

रत्नागिरीच्या आंबाबागांत राखणीला असलेले गुरखे आणि मासेमारी होड्यांवरचे कितीतरी खलाशी नेपाळचेच. हंगाम संपला की ते गावी जातात. त्यांच्या खोऱ्यांतल्या नद्यांना सध्या हिमनद्यांचं पाणी वाढीव मिळतं, कारण मुद्दल मोडून खर्च चालू आहे. शतकाच्या मध्याच्या आसपास हे पाणी बहुतेक ठिकाणी शिगेला पोचेल आणि मग घटेल असा अंदाज आहे. हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्या २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के जास्त वेगानं झिजल्या, असं काठमांडूच्या ‘इसिमोड’ या पर्वतीय विकासावर काम करणाऱ्या संस्थेनं २०२३च्या अहवालात नोंदवलं आहे.

आपल्याकडे काय पोचतं

पाणी पोचत नाही. वाशिष्ठी, सावित्री, शास्त्री, काजळी, कर्ली या सगळ्या सह्याद्रीच्या पावसावर वाहणाऱ्या नद्या. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं त्याचा हिमनद्यांशी काडीचा संबंध नाही, आणि तसा जोडला जातो तेव्हा वैताग येतो.

पोचते ती समुद्राची पातळी. २००० ते २०२३ या काळात जगातल्या हिमनद्यांनी, ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाची महाकाय हिमआवरणं वगळून, दरवर्षी सरासरी २७३ अब्ज टन बर्फ गमावला आणि त्यानं समुद्र सुमारे १८ मिलिमीटरनं वर आला. यात सर्वांत मोठा वाटा अलास्काचा आहे, हिमालयाचा नव्हे. हिमआवरणांचं पाणी आणि तापून फुगलेला समुद्र धरला तर १९९३ पासून जगाची सरासरी वाढ सुमारे १० सेंटिमीटर होते. उधाणाला काही मीटर चढणाऱ्या दर्यापुढे दहा सेंटिमीटर म्हणजे काय, असं वाटेल.

पेण-अलिबागच्या खारेपाटातल्या शेतकऱ्याला तसं वाटणार नाही. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध, आणि पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून बांधात उघाडी. उघाडीची झडप कुणी उघडत-मिटत नाही. भरतीला खाडीचं पाणी ती बाहेरून दाबून बंद करतं, ओहोटीला बाहेरची पातळी शेतातल्या पाण्याच्या खाली गेली की आतलं पाणी ती ढकलून निघून जातं. म्हणजे शेताचा निचरा होतो तो ओहोटीच्या ठरावीक तासांतच. बाहेरची पातळी दहा सेंटिमीटर वर राहिली की झडप उशिरा उघडते आणि लवकर मिटते. दर ओहोटीला थोडा थोडा वेळ कमी पडतो, आणि जुलैत मुसळधार पाऊस आणि अमावस्येचं उधाण एकत्र आलं की भात तुंबलेल्या पाण्यात उभा राहतो. बांधाला खांड जाण्याचा धोका तर वेगळाच.

आणि हिमनद्या हळू चालीच्या असतात. आज त्यांचं जे टोक दिसतं ते गेल्या काही दशकांच्या हवामानाचं फळ आहे. आताच्या तापमानावर जग थांबलं, पुढे एक दशांशही वाढलं नाही, तरी जगातल्या हिमनद्यांचा २०२०च्या तुलनेत सुमारे ३९ टक्के बर्फ कालांतरानं जाणारच आहे, असा २०२५चा एक हिशेब सांगतो. त्यामुळे खारबंदिस्तीचं नवं काम निघेल तेव्हा बांधाची उंची आणि उघाडीच्या उंबऱ्याची पातळी आजोबांच्या काळच्या उधाणाच्या खुणेवरून धरून चालणार नाही.